अर्डिसची एकोणीस चित्रं

"एकोणीस असतील तुमच्याकडे, प्रोफेसर," मर्ल गोकी दारातूनच म्हणाला. "दर नाताळला एक. द्याल ना प्रदर्शनाला?"

लॉयड विथरबींनी त्याला आत बोलावलं, पण बूट चिखलाचे आहेत म्हणून तो पायरीवरच थांबला. दोघांची ओळख तशी शनिवारपुरती. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या या गावात कचऱ्याची गाडी येत नाही. ज्याने त्याने आपला कचरा गावाबाहेरच्या आवारात नेऊन टाकायचा, आणि तिथे फाटकावर मर्ल. "कसं काय, प्रोफेसर?" "ठीक, मर्ल." झालं.

मर्लची बायको अर्डिस उन्हाळ्यात वारली. गावातल्या पंधरा-वीस घरांना ती दर नाताळला हाताने रंगवलेलं चित्र पाठवायची. पोस्टकार्डाएवढं, जलरंगातलं. त्या त्या वर्षी सगळ्यांना देखावा एकच, पण प्रत्येकासाठी नव्याने हाताने रंगवलेला. ती सगळी गोळा करून डिसेंबरात लायब्ररीत मांडायची असं ठरलं होतं.

"आहेत ना?" मर्लने पुन्हा विचारलं.

"आहेत म्हणजे काय! सगळी आहेत."

मर्लने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ती दर वर्षी विचारायची, प्रोफेसरांना आवडलं असेल का रे? मी म्हणायचो, अगं, एकूण एक जपून ठेवलंय. तेवढ्यावर ती खूश."

तो गेल्यावर विथरबींनी दार लावलं. घरात एकही चित्र नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी कॉलेजात अमेरिकन चित्रकला शिकवली होती. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात लायब्ररीत एक व्याख्यान द्यायचे. भिंतभर कॅनव्हास, डोंगर, नद्या, ढगांतून उतरणारा सोनेरी उजेड. अर्डिस लोकरीची टोपी घालून पहिल्या रांगेत असायची. एकदा व्याख्यान संपल्यावर तिने भीत भीत विचारलं होतं, "माझं यंदाचं कसं वाटलं?"

"छान. बिस्किटाच्या डब्यावर शोभेल," विथरबी म्हणाले होते. लोक हसले. तीही हसली. पुढच्या नाताळला चित्र आलंच.

ते काही दिवस फ्रीजवर राहायचं. कागद जाड, पाठ कोरी, त्यामुळे काही टिपायला बरं पडायचं. जानेवारीत नाताळचं झाड उतरलं की तेही शनिवारच्या कचऱ्यात.

खरं सांगून टाकायला हवं होतं. फोनपाशी ते दोनदा जाऊन आले. पण बायको जाऊन चार महिने झालेल्या माणसाला काय सांगायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच त्यांनी पुढचं केलं.

लायब्ररी सांभाळणाऱ्या विनीकडे तिला आलेली सगळी एकोणीस होती. कॅटलॉग लिहायचाय, असं सांगून ते ती मागायला गेले.

"तुम्ही लिहिणार?" विनी म्हणाली. "बिस्किटाच्या डब्यांचा कॅटलॉग?"

विथरबींनी पाकीट घेतलं.

पहिल्या चित्राची नक्कल त्यांनी तीन तासांत उरकायची ठरवली आणि चार दिवस घेतले. बर्फ जमेना. पांढरा रंग लावला की चुना फासल्यासारखा दिसे. शेवटी भिंग लावून बघितलं, तेव्हा कळलं की अर्डिसने पांढरा रंग वापरलाच नव्हता. बर्फ म्हणजे नुसता सोडून दिलेला कागद. कुठे थांबायचं, ते तिला ठाऊक होतं. ही गोष्ट ते तीस वर्षं पोरांना शिकवत आले होते.

बाराव्या चित्रात एक घर होतं. ओसरीचा कठडा एका बाजूने मोडका. विथरबी ते बराच वेळ बघत राहिले. कठडा त्यांचाच होता. खिडकीत दिवा, आणि दिव्याशी वाचत बसलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, वाकलेला म्हातारा. हे चित्र त्यांच्या फ्रीजवर तीन आठवडे होतं, आणि त्यांनी स्वतःला ओळखलं नव्हतं.

एकोणीसही झाली. कागद जुना दिसावा म्हणून त्यांनी प्रत्येकावर चहाचं पाणी फिरवलं आणि लायब्ररीत मर्लच्या हातात दिली. मर्लने एकेक चित्र सावकाश पाहिलं. उलटून पाठही पाहिली.

"पाठी कोऱ्या आहेत," तो म्हणाला.

"जशा आल्या तशाच ठेवल्या."

"हं," मर्ल म्हणाला आणि खिळे ठोकायला लागला.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. सफरचंदाचं गरम सायडर होतं, डोनट होते. विथरबींना बोलायला उभं केलं. त्यांनी डोंगर-नद्यांचं नावही काढलं नाही. कागद कोरा सोडायला किती हिंमत लागते, ते सांगितलं. प्रत्येक चित्रात एका तरी खिडकीत दिवा आहे, हे दाखवलं.

"मी ही चित्रं हसण्यावारी नेली," ते म्हणाले. "अर्डिस समोर बसायची आणि मी तिला थोर चित्र कसं बघायचं ते शिकवायचो. बघता मलाच येत नव्हतं." विनीने डोळे पुसले. एवढं सगळं खरं बोलले, पण जे एक सांगायचं ते ओठांवर येऊनही राहिलंच.

लोक पांगल्यावर मर्ल त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. दोघं भिंतीकडे बघत राहिले.

"बर्फ चांगला जमलाय, प्रोफेसर."

"अर्डिसचा हातच तसा होता."

मर्लने काखेतला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा त्यांच्या हातात ठेवला, टोपी घातली आणि गाडीकडे गेला.

विथरबींनी झाकण काढलं. आत हाताने दाबून सरळ केलेली जाड कागदाची चळत होती. सगळ्यात वर मोडक्या कठड्याचं घर, त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. त्यांनी ते उलटलं. पाठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: दूध, अंडी, दोन बल्ब.