बुजवलेला आड

"बोर घ्या पोरी, पर आमच्या आडाच्या इतक्या जवळ नगं. उपसायला मशीन आनलं तुमी, भरायला काय आनलं?"

शेजारची रतनबाई असं म्हणाली तेव्हा स्वप्नाली हसली होती. बीएस्सी झालेली ती. दोनशे फुटांखालचं पाणी वेगळं आणि तीस फुटांच्या आडाचं वेगळं, असं तिनं रतनबाईला समजावूनही सांगितलं. पंच्याण्णव सालचा उन्हाळा होता. त्याच दुपारी चौसाळ्याजवळच्या त्यांच्या रानात बोरला पाणी लागलं. सासरे अण्णारावांनी पेढे वाटले, मोसंबी लावली.

वर्षाच्या आत रतनबाईचा आड कोरडा पडला.

तिचा नवरा सटवा मेंढरं राखायचा. तो भांडायला आला नाही. त्यानं ओढ्यातले दगड आणून आडात टाकायला सुरुवात केली. आधी मोठाले, मग बारके, वरून वाळू.

"बघितलंस?" अण्णाराव सुनेला म्हणाले. "पाण्याची जागा कुनी सुखासुखी बुजवत न्हाई. तळतळाट हाय हा, आन् आपल्याच नावानं."

स्वप्नाली असलं काही मानत नव्हती. पण तिची लेक रुचिका नऊ महिन्यांची होती, आणि त्या आठवड्यात तिला दोनदा ताप भरला. तिसऱ्या दिवशी स्वप्नाली सासऱ्यांपुढं उभी राहिली.

"मामा, त्यांचं पाणी आपण ओढलं. ते आपणच भरून दिलं पाहिजे. बागेच्या आधी."

अण्णाराव कुरकुरले. मग नातीकडं बघून त्यांनी पाइप टाकून दिला. रोज सकाळी मोटार सुरू झाली की पहिला अर्धा तास पाणी सटवाच्या हौदात, मगच मोसंबीला.

रुचिकाचा ताप उतरला. रतनबाई शेळीचं दूध घेऊन यायला लागली. पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, "आता आमचं पानी तुमच्या घरातून येतंय. तुमचं आटलं की आमचं बी आटलं."

पावसाळ्यात सटवा खोरं घेऊन ओढ्याकडून चर खणताना दिसायचा. मेंढरांखाली पाणी साचू नये म्हणून असेल, असं स्वप्नालीला वाटायचं.

"आड बुजवून झाला, आता रान उकरतो का बे?" अण्णाराव बांधावरून ओरडायचे.

"बसून ऱ्हावत न्हाई, मालक," सटवा हसायचा.

तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. आजूबाजूचे बोर एकामागून एक बंद पडले. यांचा चालू राहिला, पण धार निम्म्यावर आली. स्वप्नाली रोज पाइपाच्या तोंडाशी बोटं धरून बघायची.

"आता बाग तरी जगंल, न्हाईतर मेंढरं तरी," अण्णाराव म्हणाले. "जाऊन सांग त्यांना."

हे कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारात तिचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी रतनबाईच दारात आली. हातात शेळीची दोरी.

"आमी कडा गावाकडं चाललो, पोरी. साखर कारखान्यामागं मेंढरांपुरतं पानी गावंल म्हनत्यात. हितलं तुमच्या लेकराला ऱ्हाऊ द्या. आन् ही शेळी ठिवून घे, दूध तुटाया नगं लेकराचं."

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"लई शिकलेली तू, आन् रडती कावून?"

स्वप्नालीला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त हायसं वाटत होतं. आपण न बोलता त्यांनी ओळखलं, वर शेळीही देऊन गेले.

बाग जगली. साऱ्या शिवारात एकच बोर चालू, म्हणून महिन्याभरानं भूजल खात्याचे साहेब मोजपट्टी घेऊन आले. चहा देताना स्वप्नाली म्हणाली, "शेजाऱ्यांना दोन वर्षं पाणी दिलं आम्ही. त्यांचीच पुण्याई."

साहेब बांध ओलांडून गेले. चरातून चालत ते आडाशी पोचले, वाळू उकरली, खालचे दगड चाचपले आणि तिथंच उकिडवे बसले.

"हा आड बुजवलेला नाही, बाई. दोन पावसाळे अख्खा ओढा या दगड-वाळूतून गाळून जमिनीत मुरवलाय त्यांनी. तुमचा बोर त्यावरच चाललाय."

स्वप्नालीचं आता एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी कड्याकडं गेलं, तर कारखान्यामागच्या रानात रतनबाई कुठं उतरलीय ते शोधा, आणि तिच्या हंड्यात प्यायला पाणी आहे का, तेवढं वाकून बघा.