शंभरातले साडेनव्याण्णव

"साहेब, तुम्ही बँकेला धडधडीत खोटं सांगताय," असं म्हणत कुमुदिनी तेरदाळेने सहीचा कागद मालकांपुढे परत सरकवला. पंपांच्या कंपनीत अकरा वर्षं हिशेब लिहिले, पण एवढं तोंड तिने आजच उघडलं.

व्यापाऱ्यांकडून येणं होतं चार कोटी, आणि त्यातलं बुडेल म्हणून तरतूद होती दोन लाखांची. म्हणजे शंभरातले साडेनव्याण्णव रुपये आपल्या पायांनी चालत घरी येणार!

"बाई, आपले व्यापारी देवमाणसं आहेत," मालक म्हणाले. "तरतूद वाढवली की नफा आटतो. मग बँक कर्ज देईल का? करा सही."

"आपले हुबळीचे व्यापारी अण्णा वारले, साहेब. तेराव्याला तुम्हीच जेवून आलात. पोरगा दुकान विकून पसार झालाय. त्यांच्याकडचे चाळीस लाख आणायला कुणाला पाठवू? यमाला?"

मालकांचा चेहरा लाल झाला. "सही नसेल करायची तर उद्यापासून येऊ नका."

नोकरी गेली तर लेकीचं कॉलेज सुटणार, हे कुमुदिनीला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने पेनाला हात लावला नाही.

"मेलेला माणूस चाळीस लाख फेडेल, असं बँकेला छातीठोक सांगता. मग लेकीच्या फीसाठी मी वीस हजार उचल मागितली, तेव्हा 'तुम्ही बुडवणार नाही कशावरून?' असं जित्या बाईला कोणत्या तोंडानं विचारलंत? बोला, साहेब. उत्तर घेतल्याशिवाय मी हलणार नाही."