लाल आठ

भाग्यलक्ष्मी सहावीत होती. गणित दिनासाठी तिनं चार्ट करून आणला: १२३४५६७९ × ९ = १११११११११. मी लाल पेन काढला आणि सात अन् नऊच्या मधे आठ घुसवला.

"सर, त्याच्यात आठ राहतच नाई," ती म्हणाली.

"एक ते नऊ आकडे लिहिता येत नाई, अन् मलाच शिकवून राह्यली?"

मी गुणाकार करून पाहिला नाही. आदिलाबादच्या स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव मात्र तिथल्या तिथं खोडलं.

यंदाच्या गणित दिनाला गुडीहत्नूरजवळच्या त्याच शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. गणिताच्या मॅडम आता भाग्यलक्ष्मीच. वर्गाच्या भिंतीवर तोच चार्ट होता, पिवळा पडलेला, माझ्या लाल आठासकट.

एका मुलीनं चार्टवरची संख्या फळ्यावर लिहून नऊनं गुणली. उत्तरात एकांच्या मधेच एक शून्य आलं. तिनं आठ पुसून पुन्हा गुणलं, तर नऊच्या नऊ एक आले.

"मॅडम, हा आठ जास्तीचा हाय. कोनं टाकला?"

मला खुर्चीत बसवेना. भाग्यलक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.



"मीच टाकला, तुमच्याएवढी असताना," ती म्हणाली. "गुणून पाहिलं नव्हतं."