मोरीतला बेडूक

घाटातल्या आंबेघोळ गावच्या सुगंधाबाईंनी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी घरालगत संडास बांधायची परवानगी मागितली होती. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रातल्या बांधकामांना परवानगी देणाऱ्या यंत्राने परसातली माती नि पाणी तपासून तिथल्या तिथे नकार दिला.

"काकू, तुमच्या मोरीच्या पाण्यावर बेडकाची एक जात जगतेय," यंत्र घेऊन आलेली अधिकारी मुलगी म्हणाली. "जगात दुसरीकडे कुठेच नाही ती. आता इथली वीटसुद्धा हलवता येणार नाही."

"मग आम्ही लेकीकडे जातो राहायला."

मुलीने मान खाली घातली. "यंत्राने तुम्हालाही बेडकाच्या अधिवासात धरलंय. मोरीत पाणी येत राहावं म्हणून भांडी रोज तुम्हीच घासायची. गाव सोडता येणार नाही."

आतून नवऱ्याने दोनदा हाक मारली, तशा सुगंधाबाई मोरीत धुऊन ठेवलेलं बेडपॅन उचलून आत गेल्या.