ऐनवेळचा नावाडी

"ती बाथरूमला आतून कडी लावून बसलीय. म्हणते, काहीही झालं तरी मी स्टेजवर येणार नाही!" गोळीने एका दमात सांगून टाकलं.

टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. नाट्यशाखेच्या त्या प्रमुख. शेजारी दोन मास्तर चहा पीत बसले होते. "मग दुसरं कुणी आण," बाई म्हणाल्या. "रूममेट घाबरली म्हणून नियम बदलत नाही."

नियम जुना होता. विद्यापीठातल्या दुसऱ्या शाखेतून नाटकाकडे येणाऱ्याने दोघांचा एक ठरलेला प्रसंग करून दाखवायचा, आणि समोरचं पात्र करणाऱ्याने जन्मात कधी तोंडाला रंग लावलेला नसावा. नाहीतर मुरलेला नट उभा करायचा आणि त्याच्या जिवावर भाव खायचा, असं होतं म्हणे. जागा एकच रिकामी होती. ती हुकली तर गोळीला पदवी मिळेपर्यंत फार्मसीतच राहावं लागणार होतं. ज्या फार्मसीत शिरायला लोक देव पाण्यात घालून बसतात, तिथे तिचा जीव घुसमटत होता.

आणि नेमके आज बाबा आले होते. बाबांचं औषधांचं दुकान. लेकीचं नाव गोळी ठेवलं तेही त्यांनीच. आपल्यामागे दुकान तीच चालवणार, हे त्यांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. शाखा बदलायचं ऐकल्यापासून त्यांनी अबोला धरला होता. सकाळच्या गाडीने उतरले, "पस्तावशील," एवढंच बोलले आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

"ते कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे बाबा. पण ते..."

"अहो, तुम्ही नाटकात काम केलंय कधी?"

"मी नाटक बघतसुद्धा नाही," बाबा ठसक्यात म्हणाले.

"छान! या वर."

गोळीचं उरलंसुरलं अवसान गळालं. बाबा भिडेखातर वर आले आणि त्यांनी कागद हातात घेतला.

प्रसंग साधा होता. अख्ख्या गावाला पलीकडच्या काठावर नेऊन सोडणारा नावाडी आपल्या मुलीला मात्र नावेत घेत नाही. ती विनवते. शेवटी तो म्हणतो, 'या नावेत तुला जागा नाही,' आणि मग मुलीचं लांबलचक भाषण. त्या भाषणासाठी गोळीने जिवाचं रान केलं होतं. रूममेटला तर ते झोपेतही पाठ होतं.

दुकानात बाबांचा एकच खाक्या होता. डॉक्टरने चिठ्ठीत लिहिलंय ते आणि तेवढंच. गिऱ्हाईकाने कितीही गळ घातली तरी त्यात काडीचाही फरक करायचा नाही. नाटकाचा कागदही त्यांनी तसाच वाचायला घेतला.

"वारा सुटलाय. नदी फुगलीय. कंसात रागाने. घरी जा."

एका मास्तरांना चहाचा ठसका लागला.

"वल्हं उचलतो. पूर्णविराम. तुला सांगितलेलं कळत नाही का. प्रश्नचिन्ह."

गोळीला आता रडू फुटायचंच बाकी होतं. पण थांबून उपयोग नव्हता. ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता नाटकातल्या मुलीचे शब्द तिला स्वतःचे वाटायला लागले. वर्षभर बाबांशी जे बोलता आलं नव्हतं, ते इथे कुणीतरी आयतं लिहून ठेवलं होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुम्ही सगळ्यांना पोचवता, बाबा. मग मलाच का नाही? मी बुडेन याची भीती वाटते, की मी पोचेन याची?"

बाबांनी मान वर केली. ही पोर त्यांनी लहानपणापासून पाहिली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती.

नावाड्याचं शेवटचं वाक्य उरलं होतं. बाबा कागदाकडे बघत राहिले. मग त्याच सपाट आवाजात म्हणाले, "बस नावेत."

ठरलेलं वाक्य हे नव्हतं. आता भाषण करायचं तरी कशाला? सगळी मेहनत मातीत गेली होती. मग तिने चपला काढून हातात घेतल्या, भिजू नयेत म्हणून. एक पाय जपून उचलला आणि मोकळ्या स्टेजवर ती नावेत चढली. नाव कलली. तिचा तोल गेला. बाबांनी झटकन हात पुढे केला. कागदावर तसं काही नव्हतं. तिने तो हात घट्ट धरला आणि दोघं जण थोडा वेळ तशीच उभी राहिली, पाण्यावर हलकेच डुलत.

"बास," बाई म्हणाल्या. "ते भाषण ऐकून ऐकून सकाळपासून कान किटले होते. पुढच्या सोमवारपासून इकडे यायचं. जागा तुझी!"

गोळीने अशी आरोळी ठोकली की दोन्ही मास्तर दचकले. ती स्टेजभर अनवाणी नाचली. एवढा आनंद कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

बाईंनी तेवढ्यात बाबांच्या हातातला कागद मागून घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही एवढं कंस, पूर्णविरामासकट वाचलंत. मग इथे हे असं कसं वाचलंत हो?"

"चष्मा घरी विसरलो," बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि नाकावरचा चष्मा काढून पुसायला लागले.