रिकामा सापडलेला रणगाडा

ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकटाउनमधल्या आमच्या संग्रहालयाची पाटी सांगते : ‘शत्रूचा हा रणगाडा लिबियाच्या वाळवंटात ऑस्ट्रेलियन सैन्याला रिकामा सापडला. त्यावर पांढरा कांगारू रंगवून तो शत्रूवरच चालवण्यात आला.’ रिकामा! आत कोणी डोकावल्याचा एकही पुरावा मला इतक्या वर्षांच्या संशोधनात सापडलेला नाही. पाटीला मात्र खात्री आहे.

गेल्या महिन्यात रणगाड्याचे झाकण वेल्डिंग करून कायमचे बंद केले गेले. तेव्हापासून चालकाच्या काचेवर आतून वाफ धरते, विरते आणि पुन्हा धरते. झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकी संथ.

“कंडेन्सेशन गं, चारुता,” डागडुजी करणारा अवधूत म्हणाला. “ब्लॅकटाउनची हवा. नो वरीज.”

“शेजारच्या रणगाड्याला ही हवा लागत नाही वाटतं? झाकण कापू या, अवधूत. आजच.”

तो काही बोलणार, तोच वाफेवर आतून एक तळवा टेकला.

अवधूत दचकला नाही. त्याने फक्त मान खाली घातली. त्याचे शब्द जसेच्या तसे देते :

“वेल्डिंगच्या आधी मी आत पाहिलं होतं. शत्रूचा एक सैनिक शरण आल्यासारखा दोन्ही हात वर करून बसला होता. प्रदर्शनाच्या उद्घाटनाचे पाहुणे दारात आले होते, चारुता. मी झाकण लावून घेतलं.”