घरचं एकही नाव नाही

सतीशने मोबाईल काउंटरवरून शेषरावांकडे वळवला. पडद्यावर धम्मदीपा होती. दवाखान्याची खाट, कपाळाला चिकटलेले केस, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. खाली तिने लिहिलं होतं, 'मेडशीचं कोणी पाहून राह्यलं असन, तं माह्या आईले सांगा. पोरगी झाली.'

शेषरावांनी चष्मा पुसून परत वाचलं. मग रोजचाच प्रश्न विचारला, "तिले माह्यं नाव तं नाई दिसत?"

"नाई काका. या साइटवरून पाह्यलं की कोनाचंच नाव जात नाई."

मालेगावच्या स्टँडसमोर सतीशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दीड वर्षापूर्वी धम्मदीपाने पुण्यात घरी न विचारता लग्न केलं, तेव्हा घरात तिचं नाव काढायचं नाही, असं शेषरावांनी बजावलं. बायकोच्या, बेबीताईंच्या फोनमधला लेकीचा नंबर त्यांनी स्वतः पुसला. पुढे तिनेही नंबर बदलला. ती स्टोरीत टाकायची ते चोवीस तासांत निघून जायचं, म्हणून शेषराव घरी कामाचं सांगून रोज मेडशीहून अकराच्या बसने मालेगावला यायचे आणि या स्टुलावर बसून लेकीचा एकेक दिवस पाहून परतायचे. तिची करपलेली भाकरी त्यांनी पाहिली, सुजलेले पाय पाहिले. घरी एका शब्दाने बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी ताट वाढताना बेबीताईंनी विचारलं, "पोरीची काई खबर लागते का हो कुठून?"

सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं.

"मले कुठून लागनार," शेषराव म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर फोटो नव्हता. काळ्यावर नुसती पांढरी अक्षरं होती. 'दोनशे बारा जणांनी पाहिलं. सगळी नावं वाचली. घरचं एकही नाव नाही. आता कोणासाठी टाकू?'

"काका, एक सांगू?" सतीश हळूच म्हणाला. "एक डाव नावानं पाहा. तिले कळू द्या."

"उद्या पाहू."

पण दुसऱ्या दिवशी साइटने काहीच दाखवलं नाही. धम्मदीपाने खात्याला कुलूप लावलं होतं. आता ती परवानगी देईल त्यालाच ते दिसणार होतं.

शेषरावांनी पडद्यावरच्या कुलपावर बोट ठेवलं. "परवानगी मांगता येते?"

"येते. पन नाव द्या लागते."

"दे."

सतीशने 'शेषराव अंभोरे' नावाचं खातं उघडलं. "फोटो काढू? चेहरा दिसला म्हंजे वळखीन ती."

काउंटरला मेडशीचीच दोन गिऱ्हाइकं टेकून उभी होती. शेषरावांनी दाढीवरून हात फिरवला. "फोटो राहू दे."

विनंती गेली. शेषरावांनी दोनची बस सोडली, चारचीही सोडली. पावणेपाचला फोन वाजला. सतीशने आधी स्वतः वाचलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

'तुम्ही कोण आहात, माहीत नाही. माझ्या बाबांच्या नावाने खोटं खातं काढू नका. ते मला कधीच शोधणार नाहीत. मी त्यांना ओळखते.'

"लिही, मीच आहो म्हून," शेषराव घाईने म्हणाले. "लहानपनीचं सांगतो काई, तिलेच मालूम असन असं."

सतीशने लिहिलं, पण ते जाईना. तिने ते खातं ब्लॉक केलं होतं.

"दुसरं काढू का, काका?"

"तेबी खोटंच वाटन तिले."

ते घरी पोचले तेव्हा बेबीताई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. "लय उशीर केला. झालं का एकदाचं तुमचं मालेगावचं काम?"

"झालं," शेषराव म्हणाले. "उद्यापासून जा लागत नाई."

"बरं झालं," बेबीताई म्हणाल्या आणि सूप सरकवून त्यांना बसायला जागा केली.